नखी कशाची?

गिटार विकत घेणाऱ्याचे सारे लक्ष गिटारीवर असते. लाकूड कोणते, मान सरळ आहे की वाकलेली, तारा पट्टीपासून किती उंच आहेत, हे तो पुनःपुन्हा निरखतो. पैसे चुकते करून निघताना दुकानदार गल्ल्याजवळच्या डबीतून अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे असे तीन-चार रंगीत तुकडे काढतो व पिशवीत टाकतो. त्यांच्याकडे कोणी पाहतही नाही. वास्तविक तारेला प्रत्यक्ष स्पर्श करणारी वस्तू हा तुकडाच असतो. नाद जन्मतो तो त्याच्या टोकाशी. लाकडाचे काम त्यानंतर सुरू होते. सतारीची नखी, सरोदाचा जवा यांच्याच कुळातली ही वस्तू. गिटारवादक तिला पिक म्हणतात, आणि ज्या घराची शेतीवाडी आहे तेथे हा शब्द प्रथम उच्चारला गेला की यंदा पाऊस बरा झाला वाटते, अशी थट्टा होतेच.

सांगलीच्या एका कापडव्यापारी जैन कुटुंबातील सतरा वर्षांच्या मुलीला गिटारीबरोबर असेच चार तुकडे मिळाले. त्यांतला एक हिरवा होता. स्पर्शाला किंचित भुकटी लावल्यासारखा, चकाकी नसलेला, आणि त्यावर कासवाचे छोटेसे चित्र छापलेले. रात्री दुकान बंद करून आलेल्या वडिलांनी तो उचलून दिव्याखाली धरला. कासवाची आकृती त्यांना अपरिचित नव्हती. विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव. मूर्तीच्या पीठावर ते त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. पण वाद्याच्या सामानावर कासव कशासाठी, हे त्यांना उमगेना. “यात कासवाचं काही आहे का ग?” त्यांनी विचारले.

त्या घराला असा प्रश्न नवा नव्हता. वस्तू आत येण्यापूर्वी ती कशाची, हे विचारले जाई. कमरेचा पट्टा कापडी, घड्याळाचा धातूचा. औषधाची कॅप्सूल आली की तिचे आवरण जिलेटिनचे की वनस्पतिजन्य, हे वेष्टनावर शोधले जाई. कापडाचा व्यवसाय तीन पिढ्यांचा असूनही मुलीच्या आजीने रेशीम कधी अंगाला लावले नव्हते. दुकानात लग्नाचे शालू विकले जात आणि घरी त्या सुती इरकल नेसत. यातील विसंगती घरात सर्वांना ठाऊक होती व तिच्यावर वादही होत. प्रत्येक वस्तूच्या मुळापर्यंत जाणे कोणालाच साधत नाही. परंतु विचारण्याची सवय हाडात मुरलेली होती.

मुलीला उत्तर देता आले नाही. मात्र तिच्या मनातही तोच प्रश्न दोन दिवस घोळत होता, अगदी निराळ्या कारणाने. गिटार तीच, तार तीच, हात तोच; तुकडा बदलला की आवाज बदलत होता. एकाने तार मऊ, जरा झोपाळू वाजे. दुसऱ्याने तीच तार काचेसारखी लखलखे. तिने चारही पिके एकामागून एक वीतभर उंचीवरून स्वयंपाकघरातील दगडी ओट्यावर टाकून पाहिली. वादकांची ही जुनी युक्ती आहे. नायलॉनचे पिक नुसते थप्प करून पडते, कठीण पदार्थाचे टणकन उसळते, आणि ओट्यावर जो आवाज निघतो त्याचा काही अंश तारेवरही ऐकू येतो. तेव्हा संगीत शिकणाऱ्या मुलीचा आणि तिच्या वडिलांचा प्रश्न शब्दशः एकच होता: हे कशाचे आहे?

तार छेडली जाते तेव्हा पिक तिला क्षणभर बाजूला ओढून धरते. त्या क्षणी तार सरळ नसते. जेथे पिकचे टोक टेकलेले असते तेथे तिच्यात एक कोन पडलेला असतो. मग ती सुटते. टोक बारीक आणि कठीण असेल तर हा कोन तीक्ष्ण असतो, आणि तीक्ष्ण कोनातून सुटलेल्या तारेत मूळ स्वराबरोबर वरचे सहस्वर भरपूर उमटतात; आवाज उजळ होतो. टोक गोल किंवा मऊ असेल तर कोन बोथट होतो, वरचे सहस्वर मागे राहतात आणि आवाजाला ऊब येते. शिवाय पिक तारेला टेकताना एक बारीक खटका होतो. तो स्वराचा भाग नसतो, पण स्वराच्या आधी कानावर पडतो. अनेक वादक पिकबद्दल तक्रार करतात तेव्हा त्यांचा राग स्वरावर नसून या खटक्यावर असतो, हे त्यांच्याही लक्षात आलेले नसते.

पदार्थाच्या आधी जाडीचा विचार करावा लागतो, कारण नवशिक्याला तिचाच फरक प्रथम जाणवतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे पातळ पिक तारेपुढे स्वतः वाकते. सहाही तारांवरून हात फिरवून गाण्याला साथ करायची असेल तर हे वाकणे फार सोयीचे; हात कोठे अडकत नाही, ठेका वाहता राहतो. एकेक स्वर काढू लागताच हाच गुण आडवा येतो. हात पुढे निघून गेलेला असतो, पिक मागाहून सरळ होते, आणि तार सुटते ती त्यानंतर. द्रुत लयीत हा उशीर लपत नाही. १ मिलिमीटरच्या पुढचे पिक जवळजवळ वाकतच नाही. हाताचे म्हणणे ते तारेला जसेच्या तसे सांगते, आणि हात कच्चा असेल तर तेही सांगते. म्हणूनच शिकाऊ मुले पातळ पिकला चिकटून राहतात. त्यांना काही महिन्यांत ०.७ ते ०.९ मिलिमीटरपर्यंत आणणारा शिक्षक चांगला समजावा. धरण्याचा कोनही आहेच: पिक तारेशी सपाट ठेवले तर आघात ठसठशीत होतो, किंचित तिरके धरले तर ते तारेवरून घसरत जाते व आवाज गोल होतो. पुष्कळांना वाटते की नवे पिक घेतल्याने आवाज सुधारला. सुधारलेला असतो तो मनगटाचा कोन.

पदार्थांची गोष्ट मात्र खरोखर मोठी आहे. नायलॉन लवचीक, टिकाऊ, सौम्य आवाजाचे; पण घामेजलेल्या बोटांतून निसटणारे, म्हणून त्याच्यावर उठावाची अक्षरे वा खरबरीत नक्षी ठेवतात. पोलादाचे पिक तारांनाच खाते. क्वीन या इंग्लिश वाद्यवृंदाचा ब्रायन मे जुन्या सहा पेन्सच्या नाण्याने गिटार वाजवतो. नाण्याच्या दातेरी कडेचा करकरीत स्पर्श त्याच्या वादनाची ओळख झाला आहे. युकुलेलेसाठी लोकरीच्या नमद्याची वा कातड्याची पिके मिळतात. लाकडाची, दगडाची, हाडाची, शिंगाचीही असतात. कशाची नसतात, असेच विचारावे.

मुलीचे गिटारशिक्षक मिरजेला राहत. मूळचे गोव्याचे, तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत वाजवलेले. हिरव्या पिकवरच्या कासवाविषयी तिने विचारले तेव्हा ते हसले. “यात कासव नाही. कासवाची फक्त आठवण आहे,” असे म्हणून त्यांनी गिटारीच्या पेटीतील आतल्या खणातून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला एक तुकडा काढला. मधासारखा पिवळा, त्यात तपकिरी ढग उतरलेले, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. “हे मात्र खरं. साठ-बासष्ट साली मुंबईत घेतलेलं. वाजवून बघ.”

तिने वाजवले. ओट्यावर टाकून जे कळत नाही ते तारेवर पहिल्याच आघातात कळले. आवाज उजळ होता, पण त्याला कड नव्हती. खटका जवळजवळ नाहीच. बोटांच्या उबेने तो तुकडा जणू कातडीला धरून बसला आणि तारेवरून मात्र तेल लावल्यासारखा सुटला. शिक्षकांनी पिक परत घेतले, फ्लॅनेलमध्ये ठेवले. “हा आवाज लक्षात ठेव. हे पिक मात्र माझ्याकडे मागू नकोस, आणि बाजारात शोधूही नकोस. कायद्याने विकता येत नाही, आणि येत नाही तेच बरं.”

येथे एक सोपी पळवाट असते, आणि सत्प्रवृत्त माणसेच ती अधिक घेतात. जे वर्ज्य आहे ते निकृष्टही आहे, असे स्वतःला पटवले की त्याग हलका होतो. कासवाच्या पिकच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताचे मँडोलिन आणि गिटारवादक आजही जुन्या, खऱ्या पिकसाठी हळहळतात, आणि त्यांचे कान खोटे नाहीत. मुलीने त्या रात्री वडिलांना सारे सांगितले. “आवाज खरंच तेवढा चांगला आहे?” त्यांनी विचारले. ती हो म्हणाली. थोडा वेळ गेला. मग ते म्हणाले, “मग तसा आवाज दुसऱ्या कशातून निघतो का, ते बघ.”

तो पदार्थ येतो कोठून? सर्वच कासवांच्या पाठीचा तो उपयोगी नसतो. मराठी वाचकाला ओळखीचे, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव हे नव्हे. हे हॉक्सबिल, प्रवाळांच्या बेटांभोवती राहणारे, ससाण्यासारख्या चोचीने खडकांच्या फटींतील स्पंज खाणारे. भारतात ते अंदमान-निकोबारच्या किनाऱ्यांवर अंडी घालते. त्याच्या पाठीवर तेरा मोठे खवले कौलांप्रमाणे एकावर एक चढलेले असतात, आणि फण्या, चष्म्यांच्या चौकटी, डब्या, दागिने, पिके हे सारे त्या तेरा खवल्यांतून निघे. खवले उष्णता दिल्याखेरीज सुटत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत हे काम जिवंत कासवावर विस्तव धरून केल्याचे नमूद आहे. त्याहून अधिक येथे लिहिण्याचे कारण नाही. १८४४ ते १९९२ या काळात या व्यापारापायी सुमारे ९० लाख हॉक्सबिल कासवे मारली गेली, असा अंदाज जुन्या व्यापारनोंदी तपासणाऱ्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. त्यात गिटारवादकांचा वाटा फण्या आणि दागिन्यांच्या मानाने किरकोळच असणार. पण वाटा किरकोळ असल्याने ज्याची पाठ गेली त्या कासवाला काही फरक पडत नाही. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण दिले, आणि १९७० च्या दशकातच वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारानेही त्याच्या व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध घातले. मुंबईच्या दुकानात ते पिक उघड्यावर मिळत होते, ते या साऱ्याच्या आधी.

मात्र कायद्यापूर्वी पन्नास वर्षे एक पर्याय येऊन बसला होता, आणि त्याची कथा कापडव्यापाऱ्याच्या घरात रंगावी अशीच आहे. १८६३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील बिलियर्डच्या चेंडूंच्या एका व्यापाऱ्याने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस लावले. हत्ती कमी पडू लागले होते. कळवळा हत्तींचा होता की धंद्याचा, हे सांगायला नकोच. त्या ओढीने प्रयोगाला लागलेल्या जॉन वेस्ली हायट याने १८७० मध्ये एका पदार्थाचे एकस्व घेतले. कापसातील सेल्युलोजवर नत्राम्लाची प्रक्रिया करायची आणि त्यात कापूर मिसळायचा. सेल्युलॉइड म्हणतात ते हेच. दादासाहेब फाळके यांच्या काळातील चित्रफिती याच्याच, आणि टेबल टेनिसचे चेंडूही परवा-परवापर्यंत, म्हणजे २०१४ मध्ये नव्या प्लॅस्टिकचे चेंडू येईपर्यंत, याचेच. कापूस आणि कापूर: एक दुकानातला, दुसरा देवघरातल्या डबीतला. दोघांचा ज्वालाग्राही स्वभावही त्यात पुरेपूर उतरला आहे. सेल्युलॉइडचे पिक दिव्याच्या ज्योतीजवळ कधी नेऊ नये.

या पदार्थाला कासवाच्या पाठीसारखे पिवळे-तपकिरी ढग देता येत. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी’आंद्रेआ याने त्याच्या पत्र्यांतून पिके कापण्याचा उद्योग सुरू केला. तो पावडरीच्या डब्यांना शोभेचे तुकडे लावत असे, आणि त्यातल्या हृदयाकृती तुकड्याचे मँडोलिनच्या पिकशी असलेले साम्य घरातच कोणाच्या तरी ध्यानात आले, असे सांगतात. त्याने आकारांना क्रमांक दिले. त्यांपैकी ३५१ क्रमांकाचा, गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण आज जगभर इतका रुळला आहे की पिक म्हटले की तोच डोळ्यांपुढे येतो. हस्तिदंताच्या टंचाईतून निघालेला पदार्थ अशा रीतीने कासवाच्या उपयोगी पडला. ठरवून कोणी काही केले नव्हते.

हे वाचल्यावर मुलीच्या मनात एक आशा उगवली. शिक्षकांचे ते पिकसुद्धा सेल्युलॉइडचेच असले तर? साठ वर्षांपूर्वीच्या दुकानदाराने खरे म्हणून नकली दिले नसेल कशावरून? वडिलांना धाग्याची परीक्षा ठाऊक होती. सूत जाळले तर कागद जळल्याचा वास येतो, लोकर वा रेशीम जाळले तर केस जळल्याचा. कासवाचे कवच केसांच्याच जातीचे. पण दुसऱ्याच्या वस्तूला आच कोण लावणार, आणि ती सेल्युलॉइडची निघाली तर भडका व्हायचा. त्याहून निरुपद्रवी अशी एक परीक्षा आहे: सेल्युलॉइड कापडावर जोराने घासले की त्यातल्या कापराचा वास सुटतो. पुढच्या तासाला शिक्षकांची परवानगी घेऊन तिने ते पिक मांजरपाटाच्या तुकड्यावर बराच वेळ घासले आणि नाकाशी धरले. शिक्षकही उत्सुकतेने वाकून बसले होते.

कापराचा वास आला नाही.

यानंतर पर्यायाचा शोध खऱ्या अर्थाने सुरू झाला, आणि त्यातून ती जे शिकली ते कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही. तिने प्रथम त्या आवाजाचे घटक सुटे केले. पिक जाड होते, दीड मिलिमीटरच्या आसपास. त्याची कड कापल्यासारखी काटकोनी नव्हती. दोन्ही बाजूंनी उतरती व आरशासारखी घासलेली होती. पदार्थ ताठ होता, पण दगडासारखा निर्जीव ताठ नव्हता. या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन कासवाच्या नव्हत्याच. त्या कारागिराच्या आणि साठ वर्षांच्या वापराच्या होत्या. हे एकदा लक्षात आल्यावर अर्धी वाट सरली. बाजारातील बहुतेक पिके पत्र्यातून ठोकून काढलेली असतात व त्यांची कड तशीच सोडलेली असते. खटक्याचा मोठा भाग त्या कडेचा. तिने जाड पिकची कड आधी बारीक पॉलिश पेपरवर, मग दुकानातील जाड ड्रिलच्या तुकड्यावर घासून उतरती केली. पाऊण तासात त्या पिकचा आवाज ओळखू येईना.

हिरवे पिक ज्या पदार्थाचे होते त्याचे नाव डेलरिन. जिम डनलॉप या स्कॉटलंडमधून कॅलिफोर्नियात गेलेल्या उद्योजकाच्या कंपनीने १९८१ मध्ये त्याची पिके टॉर्टेक्स या नावाने आणली. कासवाच्या कवचाचा आवाज आणि पकड नकलून दाखवणे, हाच उद्देश. नावातही कासव, चित्रातही कासव. जाडीनुसार रंग ठरलेले आहेत: ०.५० चे लाल, ०.७३ चे पिवळे, ०.८८ चे हिरवे, १.१४ चे जांभळे. अंधाऱ्या रंगमंचावरही वादकाला हवे ते मिळावे, अशी ही सोय, आणि ती इतकी पटणारी आहे की अनेकांना मिलिमीटर ठाऊक नसतात, फक्त रंग ठाऊक असतो. डेलरिन लवकर झिजत नाही, घामात सरकत नाही. पण त्याच्या आघातात किंचित मऊपणा आहे. कवचाचा उजळपणा अल्टेक्ससारख्या अधिक ताठ प्लॅस्टिकात जास्त सापडतो, मात्र त्याबरोबर खटकाही येतो.

मिरजेत या शोधाला एक सोबत मिळाली. सतार आणि तंबोऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या, २०२४ मध्ये त्यांचे भौगोलिक मानांकन मिळवलेल्या या गावात वाद्यांच्या अंगाला काय लागते, याची चर्चा घरोघर चालते. सतारीच्या घोडीसाठी एके काळी हरणाच्या वर्गातील जनावरांचे शिंग वापरत. कायद्याने ते थांबल्यावर उंटाचे हाड, शिसवी काळे लाकूड, आणि आता डेलरिनही वापरले जाते. जे हिरव्या पिकात तेच सतारीच्या घोडीखाली. जुने वादक नाके मुरडतात, आणि सर्वस्वी विनाकारण मुरडतात असेही नाही. शिंगाची जवारी निराळी बोलते. एका कारागिराने मुलीला वेगळीच वाट दाखवली. सरोदाचा जवा नारळाच्या करवंटीचा करतात, मग गिटारीला करवंटी का नको? आईने खोबऱ्यासाठी फोडलेल्या नारळाची जाड करवंटी निवडून तिने दोन पिके घडवली. पहिले चिरले. दुसऱ्याचा आवाज भरदार, लाकडी, खाली बसणारा निघाला; खर्जाच्या तारांवर सुरेख, पण वरच्या बारीक पोलादी तारांनी त्याच्या टोकाला आठवड्यात खाच पाडली. घरात मात्र हेच पिक सर्वांत लाडके ठरले. त्याच्याविषयी कोणाला काही विचारावे लागत नव्हते.

दुधातील केसिनपासूनही पिके होतात, आणि आवाजात ती कवचाच्या फार जवळ जातात असे जाणकार म्हणतात. दूध चालते, असे आजी म्हणाल्या. दूध सोडलेल्या चुलत भावाने लगेच वाद काढला. तो अजून मिटलेला नाही. प्लॅस्टिकविषयी बोलायचे तर तेही निष्पाप नाही. झिजलेल्या पिकची भुकटी आणि हरवलेली पिके कोठेतरी जातातच, आणि समुद्री कासवांच्या पोटात प्लॅस्टिक सापडते हे आता सर्वांना माहीत आहे. ज्या पदार्थाने पाठ वाचवली तोच पोटात गेला. वडिलांनी यावर काढलेला व्यवहारी तोडगा असा की चार पिके विकत घ्यावीत आणि चारही सांभाळावीत. दोऱ्याच्या रिकाम्या डबीत ती मोजून ठेवली जातात.

सर्वांत अनपेक्षित उत्तर तिला शरीरशास्त्राच्या पुस्तकात मिळाले. कासवाचे कवच ज्या प्रथिनाचे बनते ते केराटिन. गाईगुरांची शिंगे त्याचीच, केस त्याचेच, आणि माणसाची नखेही त्याच प्रथिनकुळातली. ज्या स्पर्शासाठी समुद्र धुंडाळले गेले त्याचा जवळचा नातलग प्रत्येकाच्या बोटाच्या टोकाला आहे, आणि तो कापून टाकला जातो. युरोपातील अभिजात गिटारवादकांना हे अर्थातच ठाऊक होते; ते पिक वापरत नाहीत. स्पेनच्या आंद्रेस सेगोव्हियाने बोटाचा मांसल भाग व नख यांच्या संयुक्त आघातातून विसाव्या शतकातील गिटारीचा आवाज घडवला. त्याच्या आधीचा फ्रान्सिस्को तारेगा मात्र उतारवयात नखे सोडून केवळ बोटांनी वाजवू लागला होता. म्हणजे नखांवरही एकमत नाही.

तिने उजव्या हाताची नखे वाढवायला सुरुवात केली तेव्हा शिक्षकांनी दोन गोष्टी सांगितल्या. नख कात्रीने कापायचे नाही, कानशीने घासायचे आणि शेवटी अतिशय बारीक पेपरने चकचकीत करायचे. कड खरबरीत राहिली तर तार करकरते. आणि पोलादी तारा नखे खातात, म्हणून नखाने विलंबित आणि मोजकेच वाजवायचे, जोराच्या साथीला पिकच घ्यायचे. तीन महिन्यांनी तिने त्यांना पाठमोरे बसवून एक संथ धून वाजवून दाखवली, अर्धी घासलेल्या जांभळ्या पिकने, अर्धी नखांनी. पिकच्या भागाला ते म्हणाले, “हात सुधारला.” नखांच्या भागाला काही म्हणाले नाहीत, फक्त पुन्हा वाजवायला सांगितले. दुसऱ्या वेळी ऐकून झाल्यावर म्हणाले की अंगठ्याचे नख थोडे लांब आहे.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. गेल्या पंधरवड्यात दुकानाचे शटर ओढताना तिच्या मधल्या बोटाचे नख मुळापाशी तुटले, त्यामुळे ती संथ धून सध्या बंद आहे. तोवर सराव जांभळ्या पिकवर चालू आहे, आणि दुकान बंद करायची वेळ झाली की वडील शटरला तिला हात लावू देत नाहीत.